नऊ पॉइंटचं पुस्तक

राजूआत्याचं पुस्तक मी स्वतः टाइप केलं होतं. शंभर-शंभर पानांच्या चार वह्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, माझ्या या दोन हातांनी. तरी त्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. पण टाइप करणाऱ्या कुणालाही विचारा. डोळा शब्द उचलतो, बोटं तो ठेवून देतात, आणि मन तिकडं घरी कुकर लावत असतं.

हुमनाबादच्या बस स्टँडसमोर माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, देवळाच्या जत्रेची हँडबिलं, कन्नडमध्ये म्हणाल तर कन्नड, मराठीत म्हणाल तर मराठी. माहेर निर्ण्याला, बसनं तासाभरावर. राजूआत्या माझ्या वडलांची, अप्पांची, थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि तिथंच राहिली. आमच्या घराला लागून तिच्या दोन खोल्या. पन्नास वर्षं तिनं सुईणीचं काम केलं, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली. सत्तरी ओलांडल्यावर काय मनात आलं कुणास ठाऊक, ती लिहायला बसली.

तिच्या वह्या बघण्यासारख्या होत्या. अक्षर बोराएवढं. एक ओळ लिहायची, एक मोकळी सोडायची. कुणी काही बोललं की ते नव्या ओळीवर. एक गोष्ट संपली की उरलेलं पान कोरं.

तिच्या पंचाहत्तरीला पुस्तक छापायचं असं माझ्या भावानं ठरवलं. बालाजी हैदराबादला नोकरीला असतो. फोनवर म्हणाला, "विजू, चौसष्ट पानांत बसव. चार फर्मे, सोळा-सोळा पानांचे. जाड पुस्तक बघून लोक घाबरतेत."

मी बसवलं. अक्षर बारीक करत करत नऊ पॉइंटवर आणलं. ओळी इतक्या जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकला. आत्याचे तुकडे एकमेकांना जोडून लांबच लांब परिच्छेद केले. माणसांचं बोलणं सलग घातलं. समास अंगठ्याच्या नखाएवढा ठेवला. चौसष्टाव्या पानाच्या शेवटच्या ओळीत शेवटचा शब्द बरोबर बसला तेव्हा मी खुर्चीत मागं रेलले आणि स्वतःवर खूश झाले.

पाडव्याला मारुतीच्या देवळासमोर समारंभ झाला. दोनशे प्रती वाटल्या. लोकांनी पुस्तकाला हळदकुंकू लावलं, कपाळाला टेकवलं, घरी नेलं. कुणी देवघरात ठेवलं, कुणी टीव्हीच्या बाजूला. नंतर आत्या रस्त्यात भेटेल त्याला विचारायची, "वाचलास का रं?"

"व्हय अक्का, लई भारी लिवलीस."

अप्पांनाही तिनं विचारलं. अप्पांचं वाचन म्हणजे बसवरची पाटी आणि बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर. तेही म्हणाले, "व्हय, वाचलो की." बालाजी फोनवर म्हणाला, "एक नंबर." मीही म्हणाले, "हो आत्या, छान झालंय." टाइप केलंय म्हणजे वाचलंयच, असं मी मनाला समजावलं.

श्रावणात एका दुपारी आत्या एकटीच बसनं दुकानात आली. पिशवीतून पुस्तक काढून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

"जरा वाचून दाखव गं."

"तुझंच पुस्तक, तुला कामून वाचून दाखवू?"

"मला दिसंना की. चार म्हैने झाले. चष्म्यानं बगितले, उन्हात धरून बगितले, शेजारच्या पोराचं ते भिंग आणून बगितले. मुंग्याच मुंग्या दिसायलेत." ती हसली. "समद्यांनी वाचलं, मीच तेवढी ऱ्हायले."

 पुस्तक लिहिणाऱ्या बाईला तिचं पुस्तक वाचता येत नाही, आणि ते मी केलंय. मी पहिलं पान उघडून डोळ्यांजवळ नेलं. आणि पहिल्यांदाच वाचायचं म्हणून बघितलं. माझे डोळे चाळिशीचे, तरी तिसऱ्या ओळीवरून मी पाचवीवर घसरले. परत शोधत आले, परत घसरले. पानाला कुठं दारच नव्हतं.

"आत्या, आठ दिवस दे," मी म्हणाले. "तुला नवीन करून देते."

अक्षर अठरा पॉइंटवर नेलं. दोन ओळींत मोकळी जागा सोडली. बोलणं पुन्हा नव्या ओळीवर आणलं, तुकडे पुन्हा वेगळे केले, प्रत्येक गोष्ट नव्या पानावर सुरू केली. समोर आत्याच्या वह्या उघड्या ठेवल्या होत्या. काम संपत आलं तेव्हा लक्षात आलं की मी नवीन काहीच करत नाहीये, तिनं जसं लिहिलं होतं तसंच परत मांडतेय. दोनशे बारा पानं झाली. दुकानातल्या प्रिंटरवर दोन प्रती काढल्या, एक फिकट आली. दोन्हींना स्पायरल घातलं. चांगली प्रत आत्याला दिली, फिकट प्रत आईकडं ओट्यावर राहिली.

ती अप्पांनी उचलली.

हे मला आईनं फोनवर सांगितलं. "तुझ्या अप्पाला काय झालंय बग. ज्वारी निवडायला म्हणून बसले आणि पुस्तक वाचायलेत." मी विश्वास ठेवला नाही. रविवारी गेले तर खरंच. अप्पा कट्ट्यावर बसलेले, मांडीवर पुस्तक, ओळीखाली बोट. ओठ हलत होते. मधेच ते एकटेच मोठ्यानं हसले.

"काय झालं, अप्पा?"

"म्हशीचं आलंय! माणिकप्पाची म्हस म्हादेवाच्या देवळात घुसली न्हाई का, आन् पुजारी पिंडीवर चढून बसला!" डोळे पुसत ते म्हणाले, "हे अक्कानं लिवलंय व्हय? हितंच, माझ्या शेजारी ऱ्हाऊन? आन् बग, नव्वद पानं वाचलो मी. नव्वद!" त्यांनी वाचलेल्या पानांची चळत चिमटीत धरून मला दाखवली. सहासष्ट वर्षांचा माणूस, पहिल्यांदा शर्यत जिंकल्यासारखा.

पहिल्या पुस्तकात ती नव्वद पानं सत्ताविसाव्या पानावर संपली असती. अप्पा दुसऱ्या पानाच्या पुढं गेलेच नव्हते. त्यांनीच सांगितलं. "लहानपणापासून असंच. अक्षरं एकाला एक चिकटून यायची. गुरुजी म्हणायचे, ह्याच्या डोक्यात काई शिरत न्हाई. मी म्हणालो, नसंल शिरत. सोडलो." मग थांबून विचारलं, "आदी कामून असं छापली न्हाईस गं?"

मी ज्वारी निवडायला घेतली.

अंबूचं आलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. आत्याला एक मुलगी होती. सात महिन्यांची होऊन गेली. मला हे माहीत नव्हतं. या हातांनी मी ते टाइप केलं होतं, मग मांडलं होतं, तरी मला माहीत नव्हतं. अप्पांनी ते पान माझ्यासमोर धरलं, त्यातला राघू म्हणजे ते स्वतः. 'राघू अकरा वर्षांचा होता. अंबू रडू लागली की तो तिला खांद्यावर घेऊन हिरीपर्यंत चालत जाई. ती गेल्यावर तो हिरीकडे गेला आणि दिवस मावळेपर्यंत आला नाही.'

"अक्काच्या ध्यानात हाय," अप्पा म्हणाले. एवढंच. पुस्तक मिटून ते बैलांना पाणी दाखवायला गेले.

चार दिवसांनी, गुरुवारी, दुकानात गर्दी असताना त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"विजू, एकशे एक्क्याण्णव पान वाचलीस का तू?"

"का हो?"

"वाच."

फोन ठेवला. गिऱ्हाइकाला थांबवून मी फाइल उघडली. 'माझ्या माघारी' असं त्या पानाचं शीर्षक होतं. ते मीच ठळक केलं होतं, शंभरदा बघितलं होतं.

'मी गेल्यावर मला जाळू नये, पुरू नये. माझा देह गुलबर्ग्याच्या डॉक्टरकीच्या कॉलेजला द्यावा. मी तिथे जाऊन विचारून आले आहे. कागद भरणार आहे. घरच्या माणसाची सही लागते, ती घेईन. मी हे चोरून करत नाही, म्हणून इथे लिहिते. ज्याला पटत नसेल त्याने मला तोंडावर सांगावे. हे वाचून कोणी काही बोलले नाही तर मी समजेन की सगळ्यांना मान्य आहे.'

मी ते तीनदा वाचलं.  चार महिने गाव तिला म्हणत होतं, लई भारी लिवलीस. चार महिने आम्ही तिला होकार देत होतो.

दुकान अर्ध्यावर बंद करून मी मिळेल ती बस धरली. निर्ण्याला पोचले तेव्हा आत्या तिच्या उंबऱ्याजवळ मुगाच्या शेंगा सोलत होती. अप्पा समोर उभे होते, हातात पुस्तक. आई दाराच्या चौकटीला धरून.

"हे काय लिवलीस अक्का?" अप्पांचा आवाज फाटला होता. "कापत्यात गं तिथं! पोरं कापत्यात!"

आत्यानं मान वर केली. तिला खरंच कळेना. "आता कामून वरडायलास? पाडव्यालाच वाचलास की."

अप्पांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"आन् सही बी तूच केलास."

"कसली सही?"

आत्या उठली, आत गेली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आली. दोन्ही बाजूंनी छापलेला, बारीक अक्षरात, खाली शिक्का. शिक्क्याच्या वर अप्पांची सही. राघोबा, आणि शेवटच्या 'बा'ला नेहमीची लांब शेपटी.

"वैशाखात सही केलास. मी म्हणाले, पुस्तकात लिवलंय त्येच्यासाटीच हाय ह्यो कागद. तू म्हणालास, व्हय व्हय, वाचलोय, आण हिकडं."

अप्पा त्या कागदाकडं बघत राहिले. मग खाली, जमिनीवरच बसले. "मी वाचलो नव्हतो अक्का," ते म्हणाले. "पुस्तक बी न्हाई. कागद बी न्हाई."



आत्यानं आईकडं बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तो क्षण मी अजून विसरले नाही. आम्ही धक्का बसला म्हणून धावत आलो होतो, पण खरा धक्का तिला बसत होता, आमच्या डोळ्यांसमोर.

"विजू, तू तर टाइप केलीस की."

"केले आत्या. पण..."

"बालाजी?"

मी मान हलवली.

"म्हंजे कुणीच न्हाई?" ती हळू म्हणाली. "मला वाटलं तुमास्नी समदं ठावं झालंय. अंबूचं. माझ्या मनातलं. पन्नास वर्सं जे बोलले न्हाई ते समदं. मी चार म्हैने तसंच समजून वागायलेय तुमच्यासंगं. राघू आंबे घेऊन आला तर मला वाटलं, अंबूचं वाचून आलाय. वैनीनं साडी दिली तर मला वाटलं..." 

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. आत्याच्या दाराला दिवसा कडी लागलेली मी कधी ऐकली नव्हती.

आईनं दार वाजवलं. मी हाका मारल्या.  आई घाबरून म्हणाली, बालाजीला फोन लाव. मी लावला. सगळं सांगितलं. तो आधी ओरडला, "तिला काय येड लागलंय का? लोक काय म्हणतील, पोरांनी बाईला आग बी दिली न्हाई?" मग मी त्याला विचारलं, "तू वाचला होतास का?"  "विजू, तू पाठवलेलं पुस्तकाचं पाकीटच मी फोडलं नव्हतं," तो म्हणाला.

अप्पा तोवर उंबऱ्यावर बसले होते. दाराला पाठ लावून. त्यांनी एकशे ब्याण्णववं पान काढलं.

"अक्का," ते मान दाराकडं वळवून म्हणाले, "एकवीस पानं ऱ्हायलीत. वाचून संपवतो. मग काय बोलायचं ते बोलतो. ऐकायलीस का?"

 त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द, बोटानं धरून. जोडाक्षराला अडखळायचे, मागं यायचे, परत घ्यायचे. पण ओळ चुकत नव्हती.

त्या पानांत गंगम्माची गोष्ट होती. शेजारच्या तांड्यावरची पोर, पहिलटकरीण. मूल आडवं. आत्यानं दिवसभर प्रयत्न केले, पन्नास वर्षांचा हात हरला. शेवटी जीपमधून गुलबर्ग्याला नेलं. तिथं श्रीदेवी नावाची डॉक्टर, वय पंचवीसही नसेल. तिनं पोट फाडून मूल काढलं, दोघं जगली. आत्या बाहेर बसून होती. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा आत्यानं तिचा हात धरला आणि विचारलं, एवढीशी तू, हे कुठं शिकलीस?

अप्पा वाचत होते. "डॉ-क्टर म्हणाली, आजी, पहिल्यांदा एका मे-लेल्या बाईवर शिकले. ती कोण होती मला ठाऊक नाही. रोज तिला हात जो-डून मग हात लावत असे."

अप्पा थांबले. पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली, मग मोठ्यानं.

"मी घरी आले. मला अंबू आठवली. तिच्या वेळी कोणाला काही येत नव्हते. मलाही नाही."

आतून कडी निघाल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. अप्पांनी वाचणं थांबवलं नाही. ऊन सरकून ओट्याच्या टोकाला गेलं. गल्लीतून जाणारे दोघं-तिघं उभे राहिले. त्यांत पिराप्पा मेंढ्या घेऊन चालला होता, तो मेंढ्या सोडून ऐकत राहिला. कुणी कुजबुजलं, "राघोबा वाचायलाय?" शेवटचं पान संपलं तेव्हा अप्पांचा घसा बसला होता.

दार उघडलं. आत्या उभी होती. डोळे सुजलेले.

"मला पटलं न्हाई, अक्का," अप्पा म्हणाले. "अजून बी पटलं न्हाई. तू म्हणालीस तोंडावर सांग, म्हणून सांगायलोय."

"बरं केलास," आत्या म्हणाली. "तर मग फाडून टाक कागद. तू न्हाई म्हणालास तर ते नेत न्हाईत. तसं लिवलंय त्येच्यात."

अप्पांनी कागद हातात घेतला.  त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, घडी घातली आणि परत तिच्या हातात ठेवला. "फाडत न्हाई. पन आदी मला ती जागा बगायची हाय. तू एकटीच जाऊन आलीस. आता मला ने."

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. आत्या सगळ्यांशी तुटक वागली, माझ्याशी तर पंधरा दिवस बोललीच नाही. मी दुकानात आलेलं दुसरं काम बाजूला ठेवून मोठ्या अक्षरांतली आवृत्ती छापून घेतली. या वेळी फर्म्यांचा हिशेब कुणाला विचारला नाही. छापण्याआधी ती मी रोज थोडी थोडी अशी सगळीच वाचून काढली, पुस्तक वाचतात तशी, हात मांडीवर ठेवून. दोनदा मी रडले, एकदा इतकी हसले की शेजारचा पानवाला बघायला आला. निर्ण्यात त्या प्रती घरोघर गेल्या, आणि मग लोक आत्याच्या दारात यायला लागले, भांडायला. देह देणं म्हणजे काय, आत्म्याचं काय होतं, माणिकप्पाचा मुलगा म्हशीवरून चिडला, एक बाई म्हणाली माझ्या बाळंतपणाचं नाव घालून कामून लिवलीस. आत्या प्रत्येकाशी भांडली. आई म्हणाली, कितीतरी वर्षांत तिला इतकं ताजंतवानं बघितलं नव्हतं.

दसऱ्यानंतर मी, अप्पा आणि आत्या गुलबर्ग्याला गेलो. कॉलेजात एका मध्यमवयीन बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. अप्पा खुर्चीच्या कडेला बसले होते, टोपी हातात.

"पोरं नीट वागवत्यात का?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सगळे उभे राहून शपथ घेतात. कुणी हसलं तर बाहेर काढतो."

अप्पांनी मान डोलवली. मग म्हणाले, "ही कोण हाय ते त्यास्नी सांगतासा न्हवं? राजूबाई, निर्ण्याची, सुईण."

बाईंनी मान हलवली. "नाही हो. नाव सांगत नाही आम्ही. नंबर असतो."

अप्पा उठूनच उभे राहिले. "नाव न्हाई?" त्यांनी आत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत बाईंकडं. "दोनशे बारा पानं लिवलीय हिनं. आन् नाव न्हाई?"

 आत्यानं अप्पांना बाहीला धरून खाली बसवलं.

परत येताना बस स्टँडवर आम्ही हुमनाबादच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो.  अप्पा एकदम म्हणाले, "तुला ठावं होतं व्हय, नाव सांगत न्हाईत म्हणून?"

"व्हय," आत्या म्हणाली. "पैल्या खेपेलाच सांगितलं त्यांनी."

"मग त्ये कुठं लिवलीस? मी समदं वाचलो. त्यात न्हाई."

"न्हाई," आत्या म्हणाली. "त्येवढं लिवायला हात धजला न्हाई."

गाडी लागली. लोक दाराशी गर्दी करायला लागले. अप्पा उठले नाहीत. ते तिच्याकडं बघत होते, आणि ती समोरच्या पाट्यांकडं. मग त्यांनी तो कागद आत असलेली तिची पिशवी उचलली आणि तिच्या पुढं होऊन गर्दीत वाट केली.